न विचारता घेतलेलं घर

परळीत राहायला आल्यावर मला पहिला धक्का बसला तो ताकाचा. सिरसाळ्यात ताक कुणी विकत घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. ज्याच्या घरी घुसळण असेल त्याच्या दारात तांब्या घेऊन जायचं, चार गोष्टी बोलायच्या आणि भरलेला तांब्या घेऊन परत यायचं. इथं एक बाई डोक्यावर मडकं घेऊन गल्लीतून ओरडत जायची, आणि आधी पैसा हातावर ठेवल्याशिवाय मडक्यात पळी घालायची नाही. गोवऱ्याही विकतच. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, पहिल्यांदा गोवऱ्यांचे पैसे दिले त्या दिवशी त्या संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत. जेवायला बसताना एवढंच म्हणाल्या, "शेणाला पैसे." आणि भाकरी मोडली.

परळी तेव्हा फुगत चालली होती. स्टेशन झालं, आगगाडी हैदराबादेकडं जाऊ लागली आणि मोंढ्यात माणूस मावेनासा झाला. वैजनाथाच्या देवळाकडची जुनी वस्ती होती तशीच होती, पण स्टेशनच्या अंगाला रोज एक नवी भिंत उठायची. काल जिथं बाभळी होत्या तिथं आज अडत्याची गादी. धर्मापुरीचे, सिरसाळ्याचे, लांबलांबच्या खेड्यांचे लोक बिऱ्हाडं घेऊन येत होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याला विचारत होता, घर कुठं मिळंल का?

आमचे हे त्यातलेच एक. (ह्यांचं नाव घ्यायची सवय मला तेव्हा नव्हती आणि आता या वयात लावून घ्यायची इच्छा नाही.) हे कापडाचे गठ्ठे घोड्यावर टाकून बाजार करायचे, सिरसाळ्यापासून थेट युसूफ वडगावपर्यंत. परळीत मोंढ्याजवळ एक गाळा मिळाला तेव्हा घोडं विकलं. मला त्या घोड्याचं वाईट वाटलं. ह्यांना नाही वाटलं, कारण लाथा त्यांनी खाल्ल्या होत्या.

दोन खण भाड्यानं घेतले ते कचेरीतल्या एका कारकुनाच्या घरात. माणसं ब्राह्मण, सज्जन, आणि सोवळ्याची फार. कारकुनाच्या बायकोला मी काकू म्हणायचे. काकूंची जीभ तिखट आणि हात सढळ. पहिल्याच दिवशी त्यांनी मला लोणचं दिलं, पण ते असं वरून टाकलं की त्यांची वाटी माझ्या वाटीला लागू नये. मला हसू आलं. आम्ही लिंगायत, आम्हीसुद्धा कुणाचं शिजवलेलं खात नव्हतो. दोन्हीकडं आपापलं सोवळं, आणि मधे लोणच्याची फोड लोंबकळतेय.

भानगड झाली ती विहिरीवर. आमच्यात गळ्यात लिंग आहे म्हटल्यावर बाईला विटाळ नाही. महिन्याचे ते चार दिवस आम्ही बाजूला बसत नाही, पूजा करतो, पाणी भरतो, स्वयंपाक करतो. मला तर लग्न होईपर्यंत माहीतही नव्हतं की दुसऱ्या जातीत बायका कोपऱ्यात बसतात. एका सकाळी मी पोहरा ओढत होते आणि काकूंनी माझ्याकडं रोखून पाहिलं.

"तू बाजूला बसत नाहीस का गं?"

"आमच्यात न्हाई बसत," मी म्हणाले.

काकूंच्या हातातली कळशी खाली टेकली. पुढं त्यांनी विहीर शुद्ध करून घेतली की काय केलं ते मला कळलं नाही, पण दुसऱ्या महिन्यापासून नवीनच रीत निघाली. ते चार दिवस काकू स्वतः पाणी शेंदायच्या आणि माझ्या घागरीत लांबून ओतायच्या. मी नुसती उभी. आत्याबाई म्हणायच्या, "राणी झालीस की गं." काकू कुरकुरायच्या, कंबर धरायच्या, पण पाणी कमी म्हणून कधी घातलं नाही. मी ह्यांना सांगितलं होतं, या बाईवर माझा जीव आहे. हे म्हणाले, मग तिला एवढं पाणी ओढायला कावून लावतीस?

असं वर्षभर चाललं. मग मला दिवस गेले.

माझी आई मी लहान असतानाच वारली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण माझ्या माहेरी भाऊ आणि भावाची दोन दावणीची बैलं, एवढंच उरलं होतं. बाळंतपण परळीतच होणार हे ठरलेलं. मला पाचवा लागला तेव्हा काकूंनी मला बोलावून घेतलं. डोळ्यांत पाणी आणून त्या म्हणाल्या, "इथं नको गं बाई. तुम्ही सोयर पाळणार नाही, बाळंतिणीची खोली उघडी टाकाल, सगळं अंगण एक होईल. यांचं सोवळं आहे, घरात देव आहेत. मी किती दिवस पाणी ओढू? तेवढ्यापुरतं दुसरीकडं बघा. मग या परत, मी खण कुणाला देणार नाही."

मला राग आला. खरं सांगते, आता इतक्या वर्षांनंतर काकूंचं म्हणणं मला समजतं, तेव्हाही थोडं समजलं होतं, तरी राग आलाच. पोटातल्या लेकराला बाहेर येण्याआधीच घर खाली करायला सांगितलं असं मला वाटलं. मी ह्यांना म्हणाले, "आता भाड्याचं न्हाई. माझं लेकरू आपल्या सोताच्या माळवदाखाली झालं पायजे. न्हाईतर मी मोंढ्यात जवारीच्या पोत्यावर जाऊन बसते." हे हसले. मी हसले नाही, तेव्हा तेही थांबले.

परळीत घर बघणं म्हणजे मुलगी बघण्यासारखं होतं. सगळे म्हणायचे, आहे की, उद्या या. आणि उद्या गेलं की ते कालच गेलेलं असायचं. एक घर चांगलं होतं, पण दार दक्षिणेला. आत्याबाई उंबऱ्यावरूनच फिरल्या. दुसरं मोंढ्याच्या तोंडाशी, तिथं हमालांच्या शिव्या दिवसभर ऐकू यायच्या. आत्याबाईंना शिव्यांचं काही नव्हतं, त्यांचं म्हणणं असं की या शिव्या सिरसाळ्याच्या शिव्यांपेक्षा फार हलक्या आहेत. अशा घरात पोर वाढलं तर त्याला धड शिवीही देता यायची नाही.

मग एका म्हाताऱ्या मुनशींचं घर निघालं. जुनी वस्ती संपून नवी पेठ सुरू होते तिथल्या गल्लीत. मुनशींची बायको वारलेली, मुलगा हैदराबादेत नोकरीला, तो म्हाताऱ्याला घेऊन जाणार होता. घर लहान. दोन खोल्या, वर माळवद, पुढं अंगण आणि अंगणात एक लिंब. पलीकडच्या घराची आणि या घराची भिंत एकच. त्या भिंतीत स्वयंपाकघराच्या बाजूनं एक खिडकी होती, देवळीएवढी, एक वाटी आरपार जाईल इतकीच.

आत्याबाईंनी अंगणाच्या मधोमध तांब्याभर पाणी ओतलं आणि ते कुणीकडं वाहतं ते बघत उभ्या राहिल्या. पाणी ईशान्येला गेलं. त्यांनी नुसता पदर सावरला. मला तेवढ्यावरून कळलं. मी लिंबाखाली जाऊन टेकले आणि मनातल्या मनात पाळणा कुठं बांधायचा ते ठरवूनसुद्धा टाकलं.

मुनशी भला माणूस. बोलणं पक्कं झाल्यावर तो ह्यांना म्हणाला, "पलीकडे खाला आहेत. त्यांच्या कानावर घालतो आधी. पुराना पड़ोस है."

आणि इथं आत्याबाई मधे पडल्या. आमच्या लोकांत एक खोड आहे. जमिनीचा, सोयरिकीचा, घराचा व्यवहार पार तडीला जाईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. नजर लागते. बैल घ्यायला निघालेला माणूससुद्धा विचारलं तर म्हणतो, पावण्याकडं चाललोय. घरात बाई पोटुशी, मग तर विचारूच नका. आत्याबाईंनी ह्यांच्याकरवी मुनशींना सांगितलं, कागद होईपर्यंत कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. शेजारणीला तर न्हाईच. मुनशी जरा घुटमळला. मग म्हणाला, "जैसी आपकी मर्जी." मलाही ते बरोबरच वाटलं. आम्ही सगळे तसेच वाढलो होतो.

खरेदीखत झालं. उर्दूतला कागद, त्यावर शिक्के. ह्यांनी तो घडी करून गाळ्यातल्या गादीखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आत्याबाई केरसुणी घेऊन घर झाडायला गेलो. आता बोलायला हरकत नव्हती, म्हणून आत्याबाईंनी गूळही बरोबर घेतला होता, गल्लीत वाटायला. दूध घालणारी बाई दारावरून चालली होती, तिला पहिला खडा दिला आणि सांगितलं, हे घर आमी घेतलं. ती पुढच्या दारात गेली.

मी अंगणाचा एक कोपरा झाडून होते न होते तोच पलीकडचं दार धाडकन उघडलं. पांढऱ्या ओढणीतली एक म्हातारी आमच्या दारात येऊन उभी राहिली. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. कणीक तिंबता तिंबता तशीच उठून आलेली. तिच्यामागं दोन माणसं. एक कल्हईवाला, जो गल्लीच्या तोंडाशी भाता लावून बसला होता, आणि एक कासारीण, तिच्या हातावर बांगड्यांची लडी. दोघांना म्हातारीनं वाटेतून उचलून आणलं होतं.

आत्याबाईंना वाटलं, नवीन शेजारीण भेटायला आली. त्या पुढं झाल्या आणि कल्हईवाल्याच्या हातावर गूळ ठेवला, कासारणीच्या हातावर ठेवला. म्हातारीचे हात भरलेले, म्हणून तिच्यासाठी खडा हातात धरून उभ्या राहिल्या. म्हातारीनं गुळाकडं पाहिलं नाही. तिनं पिठाचा पंजा आमच्या चौकटीवर टेकवला आणि मोठ्यानं म्हणाली:

"मैं शुफा मांगी. ये घर पो मेरा हक है. तुम दोनों गवाह."

कल्हईवाल्यानं तोंडातला गूळ गिळला आणि मान डोलावली. कासारणीनंही डोलावली. मग तिघंही गेली. चौकटीवर पिठाची पाच बोटं उमटली होती.

"काय म्हणली गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"घर मागती वाटतं."

"आपलं घर? का म्हणून?"

का म्हणून ते संध्याकाळी ह्यांनी वकिलाकडून कळून घेतलं. शुफा म्हणजे शेजाऱ्याचा हक्क. एका भिंतीचं घर विकायला निघालं तर आधी शेजाऱ्याला विचारायचं. तो नको म्हणाला तर मग बाहेरच्याला. न विचारता विकलं तर शेजारी उभा राहून म्हणू शकतो, त्याच किमतीला मी घेतो, तुम्ही बाजूला व्हा. पण अट अशी, की ऐकल्या क्षणी म्हणायला पाहिजे. थोडं थांबला, पाणी प्यायला, हात धुवायला गेला तरी हक्क गेला. म्हणून म्हातारी पिठाच्या हातानं आली. कायदा कुणाला लागू होतो आणि कुणाला नाही यावर वकिलानं बरंच सांगितलं, ते ह्यांनाही नीट कळलं नव्हतं. पण त्या गल्लीत हिंदू असो मुसलमान असो, सगळे ही रीत मानत होते. खेड्यातून आलेल्या आम्हांलाच ती माहीत नव्हती.

वकिलाचं म्हणणं, घाबरू नका, म्हातारीकडं एवढा पैसा नाही. अदालतीत गेली तरी टिकणार नाही. फक्त निकाल लागेपर्यंत घरात एक खिळाही ठोकू नका.

"निकाल कधी लागतो?" मी विचारलं.

"वर्स. दीड वर्स," हे म्हणाले.

मला सातवा चालू होता.

मी म्हणाले, खिळा न्हाई ठोकत, पण राहायला तर जाऊ. तर आत्याबाई म्हणाल्या, "भांडणातल्या घरात पाळणा बांधायचा न्हाई. त्या बाईचा हात हाय चौकटीवर." झालं. तिकडं काकू दर दिवशी विचारत होत्या, मिळालं का गं घर, आणि इकडं मिळालेलं घर कुलूप लावून बसलं होतं. त्या आठवड्यात मी घरातल्या प्रत्येकाशी भांडले. ह्यांच्याशी, आत्याबाईंशी, एकदा ताकवालीशीही, तिचा काही संबंध नसताना. आत्याबाईंना तर मी सरळ म्हणाले, तुमी तोंडाला कुलूप लावलंत म्हणून दाराला लागलं. सासूला असं बोलायची रीत नव्हती. त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या याचंच मला जास्त वाईट वाटलं.

शेवटी एका दुपारी मी कुणाला न सांगता त्या म्हातारीकडं, खालाकडं गेले. खाला म्हणजे मावशी, पण सगळी गल्लीच तिला खाला म्हणायची.

तिनं मला दारात बघितलं, मग पोटाकडं बघितलं, आणि पाट सरकवला. भांडायला आलेल्या माणसाला पाट देतात का? मी भांडायचं सगळं ठरवून आले होते, पण बसल्यावर कंबर इतकी बरी वाटली की निम्मं विसरले. तिचं स्वयंपाकघर लख्ख होतं. भिंतीत ती देवळीएवढी खिडकी या बाजूनंही दिसत होती, आणि तिच्यावर एक धुतलेला रुमाल पडद्यासारखा अडकवला होता.

"कितवा?" तिनं विचारलं.

"सातवा."

"पहिला ना?"

"हौ." मी तिच्या बोलीतलंच म्हणाले, चुकून.

मग मी विचारलं, तुमाला खरंच घर घ्यायचंय का? खाला म्हणाली, "मैं क्या करूं घर को, बेटी? माझ्याकडं हेच एक झाडायला होत न्हाई." मग ती त्या खिडकीकडं बघून सांगू लागली. पलीकडं मुनशींची बायको होती तेव्हा या खिडकीतून दिवसभर ये-जा असायची. वाटी इकडून तिकडं, विस्तव तिकडून इकडं. दोघींची लग्नं मागंपुढं झालेली. पोरं झाली ती एकमेकींच्या हातावर. तिला मरताना शेवटचं पाणी खालानं पाजलं. "तिच्या घरात कोण येणार, ते मला दूधवालीनं सांगायचं?" ती म्हणाली. "मुनशी न्हाई बोलला, तुम न्हाई बोले. मैं इतनी परायी?"

मी खरं ते सांगितलं. नजर लागंल म्हणून नाही सांगितलं.

ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "मेरीच नजर लगी फिर."

मी म्हणाले, मग आता विचारते. आमाला हे घर घेऊ द्या. मी हात जोडले. तिनं माझे हात धरून खाली केले.

"तू न्हाई. तुज्यात मोठं कोण हाय?"

"आत्याबाई."

"मग त्यांनी यायचं. मोठ्यांचं मोठ्यांनी बोलायचं असतंय."

घरी येऊन मी हे सांगितलं आणि आत्याबाईंनी सरळ नाही म्हटलं. मला वाटलं होतं, मी तिथं गेले म्हणून रागावतील. त्या रागावल्या नाहीत. पण जायचं म्हणताच त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

आत्याबाईंबद्दल हे सांगायला पाहिजे. ऐन तारुण्यात त्यांचं कपाळ पांढरं झालं. पदरात हे, तीन वर्षांचे. दिरांनी शेत दाखवलं आणि म्हणाले, माग, देतो. या बाईनं मागितलं नाही. डोक्यावर चोळीखणांचं गाठोडं घेऊन दारोदार विकलं आणि पोर वाढवलं. जंगम, म्हणजे आमचा गुरू, दारात आला तर त्याची झोळी भरायची, पण आपण कुणापुढं पदर पसरायचा नाही. उसनं मीठसुद्धा त्यांनी कधी आणलं नाही. जेवण अळणी झालं तर अळणी खाल्लं. ताक विकत घ्यावं लागतं याचं त्यांना पुढं पुढं बरंच वाटू लागलं होतं, कारण विकत घेतलेल्याचे उपकार नसतात. घरसुद्धा त्यांनी तसंच घेतलं होतं. पैसे टाकले, कागद केला, कुणाच्या बापाची मेहेरबानी नाही. आणि आता एक परकी बाई म्हणत होती, येऊन माग.

मी हट्ट केला नाही. हट्टाचं बळ तेव्हा माझ्यात उरलं नव्हतं. आठवा लागला. पाय सुजले. एका सकाळी मी काकूंच्या अंगणात कडेकडेनं चालत होते, मधे पाऊल पडू नये म्हणून, आणि आत्याबाई ते ओट्यावरून बघत होत्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. दुपारी त्यांनी धुतलेलं पातळ नेसलं, गावाकडून आलेल्या नव्या शाळूनं सूप भरलं आणि म्हणाल्या, "चल. वाट दाखीव."

खालानं त्यांनाही पाट दिला. सूप दोघींच्या मधे. दोघी म्हाताऱ्या बसल्या आणि गुडघ्यांचं बोलणं सुरू झालं. कुणाचा उजवा, कुणाचा डावा, थंडीत कसं ठणकतं, एरंडाचं पान बांधावं की तेल चोळावं. मग नवऱ्यांचं. खालाचाही फार लवकर गेलेला. मग ज्वारी हातात घेऊन बघणं झालं, दाणा चांगला आहे वगैरे. मी भिंतीला टेकून वाट बघत होते. मला कळत होतं की खाला थांबली आहे आणि आत्याबाईंना शब्द सापडत नाही. जन्मात कधी न वापरलेला शब्द, तो आणायचा तरी कुठून?

बोलणं संपलं. आत्याबाई सुपातल्या ज्वारीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांचं कपाळ घामानं भिजलं होतं. मला इतकं वाईट वाटलं की म्हणावंसं वाटलं, उठा आत्याबाई, राहू द्या, मी जवारीच्या पोत्यावर बाळंत होईन.

तेवढ्यात त्या बोलल्या. खाली बघूनच बोलल्या.

"घर पैसे टाकून घेतलं बाई आमी. शेजार काय पैशानं मिळत न्हाई. आमी लई चुकलो. तेवढा शेजार तुमी द्या." आणि पदराचं टोक दोन्ही हातांत धरून त्यांनी पुढं केलं.

खालानं तो पदर हातांनी मिटवला. "बस करो," ती म्हणाली. "दिया. दिया ना." आणि मग ती तोंडात ओढणी कोंबून रडायला लागली. आत्याबाई रडल्या नाहीत. त्या खालाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, ज्वारीवरून फिरवत होत्या तसाच.

पुढचं सगळं सोपं व्हायला पाहिजे होतं, पण खाला रीतीची पक्की. शुफा ज्या साक्षीदारांसमोर मागितला त्यांच्याचसमोर सोडणार. कासारीण गल्लीतच होती. कल्हईवाला मात्र भाता उचलून कुठल्या तरी बाजाराला निघून गेला होता. ह्यांनी त्याला शोधून काढलं ते सिरसाळ्यात, आमच्याच जुन्या घरासमोर भांडी उजळत बसला होता. तो आला, त्यानं साक्ष दिली आणि गूळ कुठाय म्हणून विचारलं. आत्याबाईंनी त्याला गूळ दिला, पण हेही सांगितलं की मागच्या खेपेला तू माझा गूळ खाऊन माझ्याविरुद्ध मान हलवलीस ते मी विसरणार नाही.

काकूंकडून निघताना त्यांनी माझी ओटी भरली. लांबून नाही, माझ्या पदरात हात घालून भरली. मग लगेच अंघोळीला गेल्या. न्हाणीतून त्यांच्या हुंदक्यांचा आवाज येत होता आणि पाण्याचाही. मी बाहेर उभी राहून त्यांना ओरडून सांगितलं की मी जवळच राहायला चाललेय, काशीला नाही.

नव्या घरात आम्ही चुलीवर दूध उतू घातलं. लिंबाखाली खाट टाकली. मी दिवसभर त्या दोन खोल्यांतून उगीच फिरायचे, माळवदाच्या लाकडांकडं मान वर करून बघायचे. हे माझं आहे, असं मी ह्यांना दिवसातून किती वेळा म्हणायचे कोण जाणे. हे म्हणायचे, कागदावर माझं नाव हाय. मी म्हणायचे, कागदावर असू दे.

एका सकाळी ऊन अंगणात आलं आणि मला कळा सुरू झाल्या. सुईण आली. हे गाळ्यावर गेले होते, त्यांना बोलावू नका असं आत्याबाई म्हणाल्या, पुरुषाचं इथं काय काम. अशा वेळी बाई ओरडते तितकी मी ओरडले, आणि मधेमधे, आपलंच घर आहे, कुणाला त्रास नाही, असं मनात येऊन आणखी मोकळेपणानं ओरडले. दुपार कलता कलता मुलगी झाली.

सुईणीनं तिला पुसून आत्याबाईंच्या हातात दिलं. रीतीनं आधी जंगमाला सांगायचं, त्यानं येऊन पोरीला लिंग बांधायचं. तोवर बाहेर बातमी न्यायची नाही. आत्याबाईंनी नातीकडं पाहिलं, तिला पदराआड घेतलं, आणि दाराकडं न जाता त्या चुलीजवळ गेल्या. मी आतल्या खाटेवरून बघत होते. खिडकीपाशी वाकून, गुडघा धरून, त्यांनी त्या देवळीएवढ्या भोकाला तोंड लावलं.

"खाला," त्यांनी हाक मारली. "ओ खाला. पोरगी झाली."

पलीकडून लगेच आवाज आला. ती सकाळपासून भिंतीलाच बसून असणार.

"मालूम हाय मला," खाला म्हणाली. "तिचं रडणं हिकडंच आलं आधी."